लोखंडावरची पपडी

खुशालरावांनी दुपट्टा नाकातोंडावरून दोन वेढे घेऊन बांधला आणि लोखंडी पट्ट्या एकेक करून टाकीत सोडल्या. पट्ट्या नव्या होत्या, निळसर काळ्या, हात फिरवला तर गुळगुळीत. पाणी घातलेल्या अॅसिडमध्ये त्या बुडाल्या आणि बारीक बारीक बुडबुडे वर येऊ लागले.

"आता काहून टाकून राहिले?" मागच्या दारातून गोदाबाईंनी विचारलं. त्या नवं पातळ नेसून तयार होत्या. "बडनेऱ्याहून गाडी चुकन ना."

"पातळ केलं आहे अॅसिड. दुपारलोक पपडी सुटते, तवर आपण अकोल्याहून वापस येतो. रिकामी टाकी ठेवून काय करू?"

लोखंड कारखान्यात तापवून लाटतात तेव्हा त्याच्या अंगावर ही पपडी धरते. दिसायला ती लोखंडापेक्षा देखणी. भातकुलीतले बाकीचे वेल्डर तिच्यावरच रंग फासून मोकळे होत. दोन पावसाळे गेले की पपडी सुटायची आणि पडताना रंगालाही घेऊन पडायची. खुशालरावांनी मात्र पपडी काढल्याशिवाय एकाही गेटला ब्रश लावला नाही. गेट पाहिजे तर खुशालरावचा, असं तालुक्यात म्हणत. हे सगळ्यात जास्त वेळा कोण म्हणत असे ते सांगायची गरज नाही.

पण पपडी काढायचं काम त्यांचं होतं असं म्हणणं थोडं धाडसाचं. ते लोखंड टाकीत सोडत आणि पुढच्या अंगाला दुकानात वेल्डिंगला जात. टाकी सिमेंटची, घराच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारापासून तीन पावलांवर. तिच्यावर वाकून पट्ट्या उलटायच्या, तारेच्या ब्रशनं घासायच्या, साध्या पाण्यातून आणि मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढायच्या आणि गंज धरायच्या आत कोरड्या पुसायच्या, हे सगळं गोदाबाई करत. बावीस वर्षं करत होत्या. दोन्ही हात कामात असल्यावर पदर नाकाला कोण धरणार?

पहिल्या वर्षीच त्यांनी सांगितलं होतं.

"टाकी भरली का माहे दात आंबतात."

"चोरून चिंचा खातं काय?" खुशालराव म्हणाले होते, आणि विषय तिथंच संपला होता.

मग गोदाबाईंचे पुढचे दात पातळ होत गेले. कडा काचेसारख्या दिसू लागल्या आणि भाकरीच्या तुकड्यालाही टवके उडू लागले. चाळिशीच्या आतच समोर नुसते खुंट उरले. गावात लोक विचारू लागले तेव्हा खुशालरावांनी श्यामच्या पानठेल्यावर उभं राहून, स्वतःच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून, उत्तर देऊन टाकलं: माह्याच पुडीतून चोरून खाते ना ती! उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळे हसले. त्या दिवसापासून गोदाबाई खर्रा खाते ही गोष्ट गावात पक्की झाली. लाजेनं त्या तोंडाला पदर लावून बोलू लागल्या, तर लोकांना तोही पुरावाच वाटला.

एवढ्यावर भागलं असतं तरी पुष्कळ होतं. चौदा वर्षांपूर्वी शाळेत खिचडी शिजवायला बाई हवी होती. गोदाबाईंनी अर्ज केला, कुणालाही न विचारता. खिचडी ढवळायचा मोठा सराटा घासून लख्ख करून ठेवला. शाळा समितीवर पंजाबराव होते; त्यांनी पानठेल्यावरच खुशालरावांना विचारलं, की वहिनीले काम द्यायचं काय? आणि खुशालराव म्हणाले, "द्या ना बाप्पा. पण खिचडीत थुंकली तर मले बोलू नका." परत सगळे हसले. काम दुसरीला मिळालं. सराटा अजून भिंतीला टांगलेला आहे. घरच्या दोन माणसांच्या भाजीला तेवढा मोठा सराटा लागत नाही.

अकोल्याला जठारपेठेत त्यांची मुलगी दामिनी राहत होती. आईला कवळी बसवायचीच असं तिनं यंदा ठरवलं आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावून टाकला. खुशालरावांना सोबत यायचं नव्हतं, पण मुलीपुढे त्यांचं चालत नसे.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी गोदाबाईंना खुर्चीत बसवलं आणि दिवा तोंडावर आणला. काही विचारायच्या आतच खुशालराव म्हणाले,

"खर्रा खाते जी ते. किती सांगतलं, आयकत नाई."

गोदाबाईंनी उघडं तोंड मिटलं नाही. नुसती मान हलवली, नाही म्हणून. डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून बराच वेळ पाहिलं. मग हातमोजे काढले.

"यांच्या मागच्या दाढा बघा, एकदम चांगल्या आहेत. डागसुद्धा नाही. फक्त समोरचे दात झिजलेत, तेही बाहेरच्या बाजूनं. तंबाखूनं असं होत नाही." त्या गोदाबाईंकडे वळल्या. "मावशी, तुम्ही कुठल्या कारखान्यात होता का? अॅसिडचं काम असतं तिथं?"

"कारखाना नाई," गोदाबाई म्हणाल्या. "घरीच आहे टाकी. लोखंडाची पपडी काढतो आमी."

"मग वाफेनंच झालंय हे. रोज थोडं थोडं." डॉक्टरीणबाईंनी खुशालरावांच्या तोंडाकडे पाहिलं. "खर्रा तुम्ही खाता ना, काका? तुमचे दात लाल आहेत. पण जागेवर आहेत."

दामिनी बापाकडे पाहत राहिली. मग ती आईच्या खुर्चीजवळ गेली आणि तिचा हात धरून उभी राहिली. खुशालरावांनी दुपट्ट्यानं मिशी पुसली. कवळीचं माप झालं, आठ दिवसांनी या असं ठरलं, तोवर ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

मुलीच्या घरी जेवण झालं. परतीची गाडी दोन तास उशिरा आली. डब्यात दोघं समोरासमोर बसले होते. गोदाबाई खिडकीतून कपाशीची वावरं पाहत होत्या. त्यांचा पदर खांद्यावरच होता, तोंडाशी नव्हता, हे खुशालरावांच्या लक्षात आलं आणि त्यांनाच अवघडल्यासारखं झालं.

घरी आले तेव्हा उन्हं उतरली होती. खुशालराव तसेच मागे टाकीकडे गेले. आकड्यानं एक पट्टी वर काढली, पाण्यात बुचकळली आणि अंगठा फिरवला. पपडी केव्हाच गेली होती. अॅसिड तिथं थांबलं नव्हतं. पट्टीचं अंग खडबडीत झालं होतं, बारीक खड्डे पडले होते आणि कडा खाल्ल्या गेल्या होत्या. एका कडेवरून ते अंगठा पुन्हा पुन्हा नेत राहिले. मग त्यांनी ती पट्टी भिंतीशी उभी केली, दुसरी काढली, तीही तशीच. सगळ्या पट्ट्या वाया गेल्या होत्या. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं होतं.

गोदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पट्ट्यांकडे त्यांनी एकदाच पाहिलं.

"मी घरी नसली का असं होते," त्या म्हणाल्या.

"ही टाकी फोडून टाकतो उद्या," खुशालराव पाठमोरेच म्हणाले. "ग्राइंडर मारून काढीन पपडी. वेळ लागन तर लागन."

"टाकीचं तुमी पहा. मले दुसरं पायजे."

"काय?"

"जे तुमी श्यामच्या पानठेल्यावर सांगतलं होतं ना, ते तिथंच जाऊन खोटं होतं म्हणा. घरात नको, माह्यापाशी नको. तिथं म्हणा, पंजाबराव भाऊ असतीन तवा."

खुशालरावांनी आकडा खाली ठेवला. हो म्हणायला काही जड नव्हतं. त्यांचा आवाजही खरा निघाला.

"सांगतो. सकाळीच सांगतो."

रागानं बोलल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. गोदाबाई चुलीकडे वळल्या आणि भाकरी थापायला लागल्या. बावीस वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला की माणसाचा राग राखेखालच्या विस्तवासारखा होतो, वरून दिसत नाही.

सकाळी खुशालराव पानठेल्यावर गेले तेव्हा पंजाबराव बाकावर पेपर घेऊन बसलेच होते. आणखी तिघेचौघे होते. श्याम प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटत होता. पानठेल्यासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे खुशालरावांचंच दुकान. त्यांनी उभ्या केलेल्या गेटमधून घराचं दार दिसत होतं.

"काय खुशालराव, काल अकोल्याले गेलते म्हणे?" पंजाबरावांनी पेपर खाली केला. "बसले काय वहिनीचे दात?"

"माप घेतलं. आठ दिवसानं देते."

"काय म्हणे डॉक्टर?"

हीच वेळ होती. खुशालरावांनी तोंड उघडलं. वाक्य त्यांनी रात्रभर जुळवून ठेवलं होतं, लहानसंच होतं. पण ते वाक्य म्हटलं की त्याच्या मागून टाकी येणार होती, आणि टाकीच्या मागून तालुक्यातला एकेक गेट. पंजाबराव वाट पाहत होते. बाकीचेही पाहत होते, हसायच्या तयारीत.

"काय म्हणन," खुशालराव म्हणाले. "म्हणे, आता तरी सांभाळा."

"मंग! आता खर्रा बंद करजो म्हणा वहिनीले. नवीन दात लाल व्हतीन."

सगळे हसले. खुशालरावही हसले, सवयीनं. हसणं ओठावर असतानाच त्यांना आपली किळस आली. श्यामनं पुडी पुढे केली होती. ती त्यांनी घेतली आणि चिमूट गालात टाकली, म्हणजे निदान बोलावं तरी लागू नये.

तेवढ्यात गेटची कडी वाजली. गोदाबाई रस्ता ओलांडून येत होत्या. पानठेल्यावर बाया येत नसत. भातकुलीत कुणाला तशी आठवण नव्हती. बाकावरचा एक जण उगाच उठून उभा राहिला. गोदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या फुगलेल्या गालाकडे पाहिलं, आणि त्याला काही विचारलं नाही.

"श्याम, एक खर्रा दे."

"मावशी, काकाले दिला ना आताच..."

"मले पायजे. माह्यासाठी."

श्यामनं एक पुडी काढून दिली. गोदाबाईंना ती सुटेना. रबर कुठून काढायचं ते कळेना, शेवटी श्यामनंच सोडून दिलं. त्यांनी आतला ओलसर भुगा पाहिला, नाकाशी नेला आणि ठसका लागून मान मागे घेतली. मग पुडी तळहातावर धरून त्या पंजाबरावांकडे वळल्या. तोंडाशी पदर नव्हता. दातांचे खुंट सगळ्यांना दिसत होते.

"भाऊ, एक विचारू काय?" त्या म्हणाल्या. "हा गिळा लागते का थुका लागते?"

पंजाबरावांच्या मांडीवरचा पेपर खाली घसरला, तो त्यांनी उचलला नाही. श्यामचा हात घोटता घोटता थांबला होता. मग एकेक करून सगळ्यांच्या नजरा खुशालरावांकडे वळल्या, आणि गोदाबाईही, सांगतील या विश्वासानं पाहावं तशा, त्यांच्याकडेच पाहत उभ्या राहिल्या.

खुशालरावांच्या गालात लाळ साठली होती. थुंकायला बाजूला जावं तर वाट गोदाबाईंच्या अंगावरून होती.

त्यांनी खर्रा गिळला.