उन्हाच्या गावातली शेगडी

मी एक जुनी पितळी शेगडी आहे. पण मित्रांनो, आज मला पाहाल तर कुंडी म्हणाल, आणि त्यात तुमची चूक नाही.

स्पेनच्या दक्षिणेला, आमच्या आंदालुसियात, घरोघरी गोल मेज असायचं, त्यावर जमिनीला टेकणारं जाड कापड. त्या मेजाखाली माझी जागा. एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. ऑलिव्हच्या काटक्यांचे निखारे राखेने झाकून माझ्यात ठेवत, खिडकी किलकिली करत आणि सारं घर कापडाखाली पाय घालून बसे. अभ्यास, भांडणं, लग्नाची बोलणी, सगळं माझ्या उबेत झालं. पुढे मालकीण वारली आणि मी धूळ खात पडले.

मग लिथुआनियाहून आल्गिस आणि दानुते हे म्हातारं जोडपं आलं. थंडीने दानुतेचे सांधे आखडलेले, आणि तिकडे निम्मं पेन्शन घर ऊबदार ठेवण्यातच जाई. ऐन जुलैत त्यांनी हे घर पाहिलं. बाहेर ऊन आग ओकत होतं. आत येताच दानुतेने भिंतीला गाल लावला. "किती गार आहे," ती म्हणाली. आल्गिसने उभ्या उभ्या हिशेब केला, इथे घर तापवायचा खर्च शून्य. तिकडचा फ्लॅट विकला. दानुतेने लोकरी कोटसुद्धा भाचीला देऊन टाकला. मी तर आल्गिसला फारच आवडले. माझ्या तळाला भोकं पाडून, माती भरून त्याने जिरेनियम लावलं आणि मला खिडकीत ठेवलं. ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

डिसेंबर आला. अंगणातल्या उन्हात बरं वाटे, पण आत पाय ठेवला की फरशी डसायची. ज्या भिंतींनी उन्हाळ्यात ऊन आत येऊ दिलं नव्हतं, त्या आताही येऊ देत नव्हत्या. विजेचा हीटर आणला, तर बिल पाहून आल्गिसचे डोळे पांढरे झाले. दानुते म्हणाली, शेजारच्या एन्कार्नाआजीला विचार, ही माणसं थंडीत करतात तरी काय.

"आपण बर्फात वाढलेली माणसं," आल्गिस म्हणाला. "उन्हातल्या लोकांना थंडीचं काय विचारायचं? हसतील आपल्याला."

दानुते स्वेटरवर स्वेटर चढवून खोकत राहिली, माझ्यापासून दोन हातांवर. ऊब देणं एवढं एकच काम मला येतं, आणि मी फुलं सांभाळत बसले होते. फार वाईट वाटे मला.

शेवटी खोकला ऐकून एन्कार्ना आपणहून आली, छोट्या फावड्यावर निखारे घेऊन. तिने मेजाचं कापड उचललं, मला शोधलं, मग खिडकीशी येऊन माझा तळ चाचपला.

"अगं पोरी, शेगडीला भोकं पाडलीत? भिंतीपलीकडे तर होते मी. विचारायचं नाही का?"

आल्गिस खाली मान घालून उभा राहिला. एन्कार्नाने दानुतेला आपल्या घरी, आपल्या मेजाशी नेऊन बसवलं. पण तोवर तिची छाती पार भरली होती. तिला जरा उठता येऊ लागलं तसे दोघं परत गेले, तिच्या बहिणीकडे. स्वतःचं घर आता तिकडे नव्हतंच.

पुन्हा जुलै आहे, आणि घर पुन्हा विकायला आहे. काल एक परदेशी बाई नवऱ्याबरोबर आली. माझ्या फुलांचं तिने कौतुक केलं आणि भिंतीला गाल लावला.

"किती गार आहे," ती म्हणाली. नवरा हिशेब करू लागला.

मित्रांनो, नव्या गावी राहायला जाल तर तिथला हिवाळाही पाहा, शेजाऱ्याला विचारायला लाजू नका, आणि जुन्या वस्तूला भोक पाडण्याआधी ती कशासाठी होती ते जाणून घ्या. त्या बाईलाही कुणीतरी हे सांगा. माझं तोंड मातीने भरलेलं आहे.