उलटीकडून वाचलेली मी

मी एक जुनी जपानी चित्रकथा आहे, मित्रांनो. पण लहान मुलांची नव्हे. माझ्यात राक्षस नाहीत, तलवारी नाहीत. एका बाईने मला मोठ्या बायकांसाठी काढलं. माझ्यातली युमिको पहिल्या पानावर नवऱ्याला जेवायला वाढते आणि तो मान वर करून बघतही नाही. शेवटच्या पानावर ती भाड्याच्या खोलीत एकटी जेवते, स्वतःच्या कमाईचं, आणि खळखळून हसते. एवढीच माझी गोष्ट. फक्त उर्दू पुस्तकासारखी मी उजवीकडून सुरू होते. तुमच्या पुस्तकाचं जिथे शेवटचं पान, तिथे माझं पहिलं.

इंग्रजीत छापून, चार हात फिरून मी उंद्रीला मंजुश्रीकडे आले. ती चिखलीच्या एका दवाखान्यात नर्स. बसमध्ये उभ्या उभ्या तिने मला किती वेळा वाचलं म्हणून सांगू! तेव्हा जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटायचं.

मग तिला स्थळ आलं. मुलगा बरा होता, पण त्याचे वडील माणिकराव यांची अट एकच : लग्नानंतर नोकरी बंद. मंजुश्रीला नाही म्हणायचं होतं. पण आईने, जनकाबाईंनी, नवरा गेल्यावर तिला एकटीने वाढवलेलं. त्या आईपुढे तिची जीभच उचलेना. शेवटी ड्यूटीला निघताना तिने मला आईच्या हातात ठेवलं.

"आई, यातले चित्रं पाह्य फक्त. माह्या मनातलं सारं याच्यात हाय."

कुठून उघडायचं, ते सांगायला मात्र विसरली बापडी!

जनकाबाईंनी चष्मा लावला आणि मला आपल्याकडच्या पुस्तकासारखं उघडलं. आधी दिसली एकटी युमिको. "अवं माय, एकटीच हसून राह्यली. येडी झाली का काय!" मध्ये ती घर सोडून निघते, हातात बॅग घेऊन दारात उभी. "आली बाई घरी एकदाची!" शेवटी नवरा, भरलेली ताटं. जनकाबाईंनी पदराने डोळे पुसले. मी जीव तोडून ओरडत होते, पण कागदाचं कोण ऐकतं?

संध्याकाळी मंजुश्री आली, तर आईने तिला जवळच ओढलं. "मले वाटलं तू नाई म्हनशीन. अन् तूच असं पुस्तक देलं! म्या माणिकरावले फोन करून होकार कळवून टाकला वं."

मंजुश्रीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. आईचा चेहरा इतका निवांत तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"हाव," ती म्हणाली.

लग्न झालं, नोकरी सुटली. मला तिने सासरी नेलं नाही.

आता मी धूळ खात पडले असेन, असं वाटेल तुम्हाला. छे हो! जनकाबाई मला लेकीसारखं जपतात, प्लास्टिकचं कव्हर घालून. तीच तर माझी रड आहे. गल्लीतली कुठली पोरगी लग्नाला अडून बसली, की तिची आई तिला इथे घेऊन येते. आज समोर मयुरी बसली आहे, शेजारची. तिला पोलीस भरतीला जायचंय. जनकाबाई चित्रावर बोट ठेवून मायेने सांगतात, "पाह्य बाई, हे आधी एकटी होती..."

मित्रांनो, पुस्तकं जपा, असं मी कुठल्या तोंडाने सांगू? मला फाडा, चुलीत घाला. नाहीतर कुणीतरी धावत या आणि मी कुठून सुरू होते, ते या पोरीला सांगा. लवकर या. भरलेल्या ताटांचं पान उघडलंय, आणि मयुरी हळूहळू मान डोलवायला लागली आहे.