टाकून दिलेली नळी

बाईंनी दोन्ही नळ्या खिडकीच्या उजेडात धरल्या आणि पुन्हा एकदा नीट पाहिल्या. नऊ दिवसांपूर्वी रोग्याच्या मेंदूतला पू त्यांनी नळीतल्या, बुरशी वाढवायच्या खाद्यावर ज्या रेषेत ओढला होता, नेमका त्याच रेषेवर काळा थर उगवला होता. हवेतली बुरशी वाटेल तिथे पडते, अशी शिस्तीत उगवत नाही. दोन्ही नळ्यांत तर नाहीच नाही.

प्रयोगशाळेत त्यांना सगळे बुरशीबाई म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या नखांतली, केसांतली, फुप्फुसांतली बुरशी वाढवली होती. "हिच्या हाताखाली बुरशी फोफावते आणि कुंडीतलं रोप आठ दिवसांत मान टाकतं," अशी घरी नवरा चेष्टा करायचा, आणि त्याही हसायच्या. आज हसण्यासारखं काही नव्हतं. याच रोग्याचा पू त्यांच्याकडे आधी एकदा येऊन गेला होता. तेव्हा तो थेंबभरच होता, म्हणून नळी एकच लावली. सहाव्या दिवशी तिच्यात काळा ठिपका दिसला. दमट हवेत अशा ठिपक्यांचा सुळसुळाट असतो, महिन्याला दहा नळ्या नासतात. बाईंनी वहीत लिहिलं, 'हवेतली बुरशी, नळी टाकली', आणि काही सापडलं नाही असा रिपोर्ट दिला. नळी चार आठवडे ठेवायची, हे नव्या मुलींना शिकवणाऱ्याही त्याच. लोका सांगे ब्रह्मज्ञान! त्या गोष्टीला आता सतरा दिवस झाले होते.

विभागप्रमुख मॅडम वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. त्यांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. रंग न घालताही धागे तपकिरी दिसत होते.

"खरीच आहे हो. मेंदूत शिरणारी काळी बुरशी. मी फक्त पुस्तकात बघितली होती." त्यांनी लगेच वॉर्डात फोन लावून औषध बदलायला सांगितलं. फोन ठेवल्यावर बाईंनी पहिल्या नळीचं सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी दार लोटून घेतलं. "बाई, तुमच्या निवृत्तीला चार महिने राहिलेत. ती नळी तुमच्याशिवाय कुणी बघितलेली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"पण त्या माणसाचे सतरा दिवस गेले, मॅडम."

"आधी कळलं असतं तरी यातले बहुतेक जातातच. उगाच पायावर धोंडा पाडून घेऊ नका."

रोग्याची बायको रोज दुपारी रिपोर्टच्या खिडकीशी यायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, ती घरी शिवणकाम करायची. आजही तिने सवयीने विचारलं, "आजपण नाहीच ना, ताई?"

"सापडलं. औषध सुरू होतंय."

तिने खिडकीच्या गजांतून हात घालून बाईंचा हात धरला. "देवासारख्या धावून आलात हो!"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशीही तेच ठरवलं.

औषधाच्या बाराव्या दिवशी तो गेला.

आठवड्याने बायको कागदपत्रं न्यायला आली. पाकीट घेऊनही ती खिडकीपासून हलेना. "ताई, एक विचारू? डोक्याचे फोटो खूप बघितले. आत वाढलेलं ते स्वतः कसं दिसतं, ते दाखवाल?"

बाईंनी तिला आत बोलावलं. "हातात देता येणार नाही," म्हणत नळी तिच्या डोळ्यांसमोर धरली.

"मऊ दिसतंय," ती म्हणाली. "मखमल असते ना, तसं."

आता नाही तर कधीच नाही, हे बाईंना कळलं. "हे आधीही एकदा आलं होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्या वेळी. मी ओळखलं नाही. नळी फेकून दिली."

"म्हणजे मी रोज येऊन विचारत होते, तेव्हा..."

"तेव्हा ती कचऱ्यात गेलेली होती."

"आधी कळलं असतं तर वाचले असते?"

"मॅडम म्हणतात, बहुतेक नाही. मला माहीत नाही. सतरा दिवस मात्र माझ्यामुळे गेले."

बायको स्टुलावर बसली. "त्याच दिवसांत त्यांचं बोलणं गेलं. आधी पान्याला चमचा म्हणायला लागले. मला हसू यायचं. मग माझं नाव येईना. मग काहीच येईना." ती रडली नाही, ओरडली नाही. तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं. "कुठे लिहिलंय, फेकली म्हणून?"

बाईंनी वही काढली. महिनाअखेरीला ती तपासणीला वर जायची, हे त्यांना ठाऊक होतं. जुन्या ओळीवर त्यांनी लाल रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'वाढ खरी होती. ओळखण्यात माझी चूक.' तारीख घातली, सही केली.

बायकोने ओळीवर बोट ठेवून सगळं सावकाश वाचलं. "यात ते कुठायत?"

"इथे नाव नसतं. सहाशे चौदा, हा त्यांचा नंबर."

"नाव लिहा."

तिने नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. रकाना नंबरापुरताच आखलेला होता. बाईंनी अक्षरं बारीक केली नाहीत. नाव शेजारच्या तीन रकान्यांतून पार पानाच्या कडेपर्यंत गेलं.