बंडू जेवला का?

परीक्षितच्या बाबांना फोनचं भारी वावडं. वाजला की "घे गं, तुझाच असेल" म्हणून मोकळे व्हायचे. चुकून स्वतःच्या हातात आलाच, तर "बरा आहेस ना? हवा कशी आहे? देतो आईला" एवढ्यावर कारभार आटोपायचे. पुरुषोत्तमरावांनी सगळी हयात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर म्हणून काढली, कारखान्यातल्या बॉयलरशी तासन् तास गप्पा मारल्या असतील. पण पोटच्या पोराशी बोलायचं म्हटलं की गाडी हवेच्या पुढे सरकायची नाही. तर असा हा माणूस जानेवारीपासून रोज संध्याकाळी आपणहून फोन करायला लागला, आणि तोही कशाबद्दल बोलायला? एका घोरपडीबद्दल! परीक्षितचं डोकं चक्रावणार नाही तर काय होईल?

घोरपड परीक्षितचीच. जात आफ्रिकेतली, शेपटीसकट चांगली दोन हात लांब. कॉलेजात असताना त्यानं ती पिल्लू म्हणून घरी आणली, तेव्हा त्याच्या आईनं, वीणाताईंनी, कपाळावर हात मारला होता. "अरे, नाव परीक्षित आणि घरात आणतोस काय, तर हे! पुराणातल्या परीक्षिताचं काय झालं ठाऊक आहे ना?" त्याला अर्थातच ठाऊक नव्हतं. पण आठवड्याभरात त्यांनीच तिचं 'बंडू' असं बारसं केलं आणि तेव्हापासून घोरपड कुणी म्हटलंच नाही. बंडू आला, बंडू गेला, बंडू जेवला का. बाबांनी इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या घरातल्या वरच्या छोट्या खोलीत त्याच्यासाठी भिंतीएवढा लाकडी पिंजरा बांधला, आत ढोपरभर माती घातली, एका टोकाला दिवा आणि दगड. दगडाशी पन्नास डिग्री, दुसऱ्या टोकाला पंचवीस. गरम व्हायचं की गार, हे बंडूचं बंडूनं ठरवायचं.

मग परीक्षितला साउथहॅम्प्टनच्या बंदरात नोकरी लागली. कुठला कंटेनर कुठे ठेवायचा ते ठरवण्याची. घरमालकाला प्राणी चालत नव्हते, म्हणून बंडू रीडिंगलाच राहिला. तासाभराचं तर अंतर! पण जायचं जायचं म्हणता दिवाळीनंतर जाणं काही झालं नाही. आधी शिफ्ट, मग मैत्रीण सिया, मग पुन्हा शिफ्ट. नोकरी अजून प्रोबेशनवर, सुट्टी मागायची तरी कशी, हे कारण हाताशी होतंच.

"बंडू खात नाही रे," पहिल्या फोनला बाबा म्हणाले.

"दगडाचं टेम्परेचर किती आहे?"

"पन्नास."

"मग ओके आहे, बाबा. विंटरमध्ये कधी कधी त्याचा मूड नसतो. तुम्ही डोक्याशी उभं राहू नका. त्याचं जेवण ठेवा आणि बाहेर जा. बघत बसलं की तो खात नाही."

"बाहेर जायचं," बाबा म्हणाले. "बरं."

आता बंडूची आणि बाबांची दोस्ती जुनी. कांदा-लसूणसुद्धा न खाणारा हा माणूस चिमट्यानं टोळ भरवताना "घ्या, बंडोपंत" म्हणायचा. त्यांना हे सांगावं का लागतंय, ते परीक्षितला कळेना. आणि आपण फोन केला, तरी दर वेळी बाबाच का उचलतात? आई कुठाय म्हटलं की ती देवळात गेली, नाहीतर शेजारच्या नीनाकडे गेली, नाहीतर आत्ताच पडलीय. रविवारी यायची फोनवर, पण दोन वाक्यं बोलून ठेवून द्यायची. आवाज खोल गेलेला. सर्दी झालीय म्हणे. एवढी कसली सर्दी?

पुढच्या आठवड्यात बाबांनी सांगितलं, "दोन घास खाल्ले, पण लगेच ओकला."

परीक्षित घाबरला. ओकणारी घोरपड म्हणजे गंभीर मामला. "थोडं थोडं द्या. सॉफ्ट काहीतरी. अंडं द्या ना, त्याला आवडतं."

"अंडं नाही चालायचं."

"का?"

"वास सहन होत नाही."

काय बोलावं! कुजलेली गोगलगायसुद्धा मिटक्या मारत खाणाऱ्या बंडूला अंड्याचा वास सहन होत नाही? डॉक्टरकडे न्या म्हटलं, तर बाबा म्हणाले, "डॉक्टर चालू आहेत." कुठले डॉक्टर, तर "चांगले आहेत." संपलं! परीक्षितनं फोन ठेवला आणि नुसता भिंतीकडे बघत बसला.

मग एका संध्याकाळी: "अंगावरचं सगळं जातंय रे. पुंजके निघताहेत. हे नॉर्मल आहे का?"

बंडू वर्षातून कितीदा तरी कात टाकतो, हे बाबांना ठाऊक नव्हतं की काय? परीक्षितला हसू आलं. "एकदम नॉर्मल, बाबा. ओढून काढू नका फक्त. खाली नवीन येतं. जास्त छान येतं."

"नक्की येतं ना?"

"शंभर टक्के."

"सांगतो," बाबा म्हणाले. आणि फोन ठेवला.

सांगतो? कुणाला सांगतो? बंडूला?

सियाला त्यानं हे सगळं सांगितलं. तिनं चमचा खाली ठेवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "तुझे बाबा गोष्टी विसरायला लागलेत का?" परीक्षित तिच्यावर उखडला. बाबा आणि विसरणार? पण शंकेचा किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. बंडू आजारी आहे की बाबा? आणि बाबा असतील, तर आई का बोलत नाही? सगळा नुसता गोंधळ. कंटेनर लावता लावता त्याचं लक्ष उडायला लागलं. बंडू मरणार, आपल्यामुळे मरणार, एवढं एकच त्याला खरं वाटत होतं.

"तो माझ्याकडे बघतच नाही," बाबा एकदा म्हणाले. "मी आत गेलो की तोंड भिंतीकडे करतो. काय करू?"

"काहीच करू नका. खोलीत जाऊन त्याच्याकडे पाठ करून बसा. पेपर वाचा. तुम्ही काही मागत नाही, हे त्याला कळायला पाहिजे. मग आपोआप येईल जवळ."

"किती दिवस बसू?"

"लागेल तितके."

"बसतो," बाबा म्हणाले. "मला कुठे जायचंय?"

आणि शुक्रवारी तर कहरच झाला. "फार कुडकुडतो रे तो. कालपासून पांघरायला दोन जाड ड्युवे घातलेत अंगावर."

"बाबा!" परीक्षित ओरडलाच. "दिव्याखाली ड्युवे? घर जाळायचंय का? आणि ड्युवेनं त्याला काय होणार? त्याच्या अंगात स्वतःची हीट नसते, माहीत आहे ना तुम्हाला? ती बाहेरूनच द्यावी लागते!"

"बाहेरून," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज कसातरीच झाला. "देतोय रे. पण मी एकटा किती देणार?"

फोन बंद.

शनिवारची शिफ्ट टाकून परीक्षितनं सकाळची ट्रेन पकडली. प्रोबेशन गेलं खड्ड्यात! बंडू मेला असेल, नाहीतर बाबांचं डोकं फिरलं असेल. तिसरं काही त्याला सुचत नव्हतं.

बाबांनी दार उघडलं. कमरेला आईचा एप्रन, हातात डाव. त्याला बघून त्यांचा चेहरा पार उतरला. "न सांगता आलास?"

"बंडू कुठाय?" म्हणत परीक्षित जिना चढलासुद्धा. मागून बाबांची हाक आली, "अरे थांब, ऐक तरी!" पण त्यानं दार ढकललंच.

खोलीतली ऊब तोंडावर आली. दगडावर बंडू ऐसपैस पसरला होता. पोट गच्च, डोळे लखलखीत, कातडी नवी कोरी. जबड्यात गोगलगाईचं कवच कडाकडा मोडत होता. तापमानाच्या काट्यावर पन्नास. ड्युवे कुठेच नव्हते.

ड्युवे समोरच्या भिंतीशी होते. तिथे एक घडीची कॉट होती, जी तिथे कधीच नव्हती. दोन ड्युवेंच्या खाली त्याची आई होती. कानापर्यंत ओढलेली लोकरीची टोपी, आणि टोपीखाली एकही केस नाही. चेहरा एवढासा झालेला.

"आलास?" आई म्हणाली. "जेवलास का?"

बंडूला काही झालंच नव्हतं. ओकणारी आई होती. अंड्याचा वास आईला कधीच सहन झाला नव्हता, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. पुंजके आईचे गेले होते, आणि तो फोनवर हसला होता.

बाबांनी त्याला बाहेर जिन्यात आणलं. "दिवाळीनंतर कळलं," ते हलक्या आवाजात म्हणाले. "कॅन्सर. केमो चालू आहे. डॉक्टर म्हणतात, औषध लागू पडतंय, पण अंगात काही गेलं पाहिजे, नाहीतर पुढचे डोस झेपायचे नाहीत. आणि ती खातच नाही. थंडी वाजते म्हणून या खोलीत आणली, घरात हीच एक उबदार."

"मला का नाही सांगितलं?"

"तिनं शपथ घातली होती. तुझी नोकरी पक्की होईपर्यंत एक अक्षर सांगायचं नाही." बाबांनी डाव या हातातून त्या हातात घेतला. "न खाणाऱ्याला कसं खाऊ घालायचं, मला काय ठाऊक? घरात ते फक्त तुला येत होतं. मग विचारणार कुणाला? तुलाच विचारलं."

ते खाली गेले आणि वाटीत मऊ भात घेऊन आले. वर तूप, मेतकूट. परीक्षितनं वाटी घेतली आणि आईच्या उशाशी जाऊन उभा राहिला. "आई, प्लीज. फक्त दोन घास. माझ्यासाठी."

आईनं तोंड भिंतीकडे वळवलं.

बाबांनी त्याची बाही ओढली. "डोक्याशी उभा राहू नकोस," ते कुजबुजले. "तूच सांगितलंयस."

परीक्षितनं वाटी स्टुलावर ठेवली. बापलेक दोघं खाली जमिनीवर बसले, आईकडे पाठ करून, बंडूकडे तोंड करून. बंडूनं एकदा जीभ बाहेर काढली आणि डोळे मिटले. बाबांनी कालचा पेपर उघडून एक पान वाचून काढलं. मग मागे ड्युवे सरकल्याचा आवाज झाला आणि चमचा वाटीला लागला.

परीक्षित वळणार, तोच बाबांनी त्याच्या गुडघ्यावर हात दाबून धरला.

"साउथहॅम्प्टनला हवा कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"गार आहे, बाबा," परीक्षित म्हणाला. डोळ्यांतलं पाणी त्यानं तसंच वाहू दिलं, पण मागे वळून पाहिलं नाही. मागे चमचा पुन्हा वाजला.