पश्चिमेकडची खिडकी

बाईंनी तिसऱ्यांदा पिशवी मांडीवर रिकामी केली. चष्म्याचं घर, औषधांच्या पट्ट्या, किल्ल्या, दोन रुमाल. खिडकी लावल्याचा पुरावा जणू त्यातच कुठेतरी सापडणार होता.

"लावली होती का रे मी?" त्यांनी शेजारच्या सतरंजीवरच्या पत्रेवाल्याला विचारलं. "स्वयंपाकघराची, पश्चिमेकडची. बसवाला हॉर्न वाजवत सुटला होता. मी गॅस बंद केला, पिशवी घेतली... पुढचं काही आठवतच नाही बघ."

"लावली असेल, बाई."

"असेल काय, असेल? चौथीतही हेच. गृहपाठ केला असेल, बाई."

आजूबाजूचे हसले. वादळ येणार म्हणून अख्ख्या गल्लीला उंचावरच्या या शाळेत आणून बसवलं होतं, आणि त्यातली अर्धी गल्ली बाईंच्याच हाताखालून गेलेली. त्यांना सगळ्यांचे हजेरीचे नंबर अजून तोंडपाठ होते. खिडकी तेवढी आठवत नव्हती.

"उघडी राहिली असेल तर कठीण आहे," पलीकडून एक शहाणा बोलला. "वारा आत घुसला की छप्पर वर उचलतो."

बाईंचा चेहरा एवढासा झाला.

पत्रेवाला मात्र हसला नव्हता. पश्चिमेकडची म्हटल्याबरोबर त्याला हुकांची एक ओळ आठवली होती. चार वर्षांपूर्वी बाईंच्या घरावर पत्रे चढवताना त्याच बाजूला, अगदी खालच्या पाइपावर पोचेपर्यंत, पत्रा भोकातून पाइपाला आवळायचे हुक संपले होते. दिवस मावळत आला होता, दुकान बंद झालं होतं. "उद्या येऊन एवढी ओळ मारतो," असं स्वतःशीच म्हणून तो शिडीवरून उतरला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कामाचं बोलावणं आलं, आणि ती ओळ त्याच्या डोक्यातून जी गेली ती गेलीच. गेले दोन दिवस तो गल्लीभर छपरांवर चढून नट आवळत होता. बाईंकडे पाच मिनिटं डोकावला, वरच्या ओळी चाचपल्या आणि चहा पिऊन निघाला. खालची ओळ त्याला तेव्हाही आठवली नाही. आठवली ती आत्ता, बाहेर झाडं मोडायला लागल्यावर.

त्याच्या बायकोनं पोळीचा डबा पुढे केला. त्यानं तो तसाच बंद केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना घरी सोडलं. गल्लीत गुडघाभर चिखल होता. कुंपणं आडवी झाली होती, कुणाची पाण्याची टाकी कुणाच्या ओट्यावर येऊन पडली होती. पण छपरं जागच्या जागी होती. लोक वर बघत होते आणि येऊन पत्रेवाल्याच्या पाठीवर थाप मारत होते.

"मानलं बुवा! एक पत्रा हलला नाही!"

तो मान खाली घालून चालत राहिला. गल्लीच्या टोकाला बाईंचं घर मात्र छपराविना, डोकं उघडं पडल्यासारखं उभं होतं. पश्चिमेकडची भिंत वरून ढासळली होती आणि खिडकी चौकटीसकट विटांखाली गेली होती. ती लावलेली होती की उघडी, ते सांगायला काही उरलं नव्हतं.

मागच्या मोकळ्या जागेत त्याला एक पत्रा सापडला. त्यानं त्याची खालची कड बोटांनी चाचपली. कड अखंड होती, एकही भोक नव्हतं. हुक ताणून तुटला असता तर तिथे फाटलेली भोकं दिसली असती. बायको मागे येऊन उभी राहिली होती. त्याच्या तोंडाकडे बघून तिला सगळं कळलं.

"तोंड उघडू नका," ती हळूच म्हणाली. "अख्खी गल्ली तुमचं नाव घेतेय. कोण बघायला येणार आहे?"

त्यानं पत्रा उलटा करून ठेवला.

दुपारी बाईंचा मुलगा आला, गाडीत खोके घेऊनच. दारातून आत बघितलं आणि तिथेच डोक्याला हात लावला.

"आई, खिडकी उघडी ठेवून गेलीस? सगळे तेच सांगतायत."

"असेल रे ठेवली."

"आज खिडकी. उद्या गॅस राहील. आता बास झालं. घर काढून टाकू, तू माझ्याकडे चल."

चाळीस वर्षं वर्ग गप्प करणारी बाई ओट्यावरची ओली पुस्तकं उचलून मुकाट्यानं खोक्यात भरायला लागली. एक पुस्तक दोनदा ठेवून दोनदा बाहेर काढलं आणि मग मुलाकडे बघितलं, आता हेही चुकलं का, अशा नजरेनं.

ती नजर पत्रेवाल्याला सहन झाली नाही. तो मागे गेला आणि पत्रा ओढत घेऊन आला. बायकोनं सदरा धरला होता, तो सुटला.

"खिडकीचा काही संबंध नाही," तो मुलाला म्हणाला. "ही कड बघा. इथे हुक पाहिजे होते. मी मारलेच नाहीत. उद्या मारतो म्हणालो आणि विसरलो. ती ओळ असती तर खिडकी सताड उघडी असती तरी छप्पर टिकलं असतं. बाकीच्यांचं टिकलंय, बघा की."

मुलानं पत्रा हातात घेतला. कड बघितली. मग तो जे बोलायला लागला ते दोन घरं पलीकडे ऐकू गेलं. पत्रेवाल्यानं मान वर केली नाही. शेजारीपाजारी जमले. सकाळी पाठीवर थाप मारणारे एकमेकांकडे बघायला लागले, आणि मग एकेक जण आपापल्या छपराकडे.

"थांब," बाई मुलाला म्हणाल्या. तो गप्प झाला.

त्या चिखलातून वाट काढत पत्रेवाल्यासमोर आल्या.

"विसरलास? तू विसरलास?"

"हो, बाई."

"मी नाही."

"नाही, बाई. मी."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला, आणि बऱ्याच वेळानं बाजूला केला. पत्रेवाला शिव्यांची वाट बघत उभा होता. बाईंनी त्याचा दंड धरून त्याला मुलासमोर नेलं, पार त्याच्या पुढ्यात.

"परत सांग," त्या म्हणाल्या. "मोठ्यांदा. सगळ्यांना ऐकू जाईल असं."