न सुटलेली बकरी

शहाण्या माणसानं खेड्यात सकाळी पळू नये. पळणाऱ्याच्या मागं साप तरी असावा, नाही तर पुढं सुटलेलं ढोर. यातलं काहीच नसताना प्रभाकररावांची दिपाली आष्टीच्या रस्त्यानं पळू लागली आणि अख्ख्या गावाला काम मिळालं.

पोलीस भरती तोंडावर आली होती. लेखी परीक्षेची तिला धास्ती नव्हती, धास्ती होती ती आठशे मीटर पळण्याची. पहिल्या दिवशी शाळेपासून पुलापर्यंत जाता जाताच पोटात कळ आली आणि ती रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसली. इकडं घरात पाहुणे येऊन गेले होते. भरतीत निवड झाली नाही तर उन्हाळ्यात लग्न, असं प्रभाकररावांनी सांगून टाकलं होतं.

मोबाइलवर बघून ती एक रीत शिकली. विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत जोरात पळायचं, पुढचा खांब येईपर्यंत चालत दम घ्यायचा आणि पुन्हा पळायचं. रीत चांगली होती. पण ती चालायला लागली की मागून कोणाची तरी गाडी थांबायची. पोरगी पायी आणि आपण गाडीवर, हे आमच्याकडं कोणाच्या मनाला पटत नाही. पहिले थांबले ते किराणा दुकानवाले भैय्याजी. व्यायाम करते, असं तिनं सांगितलं तर त्यांचा चेहराच पडला.

"आमच्या गाडीवर बसाची लाज वाटते का वं तुले? तुया बापाच्या मांडीले मांडी लावून बसतो मी."

बसावं लागलं. मग दिपाली रोज पळायला जायची आणि रोज कोणाच्या तरी गाडीवरून घरी यायची. दम वाढायचा सोडून वजनच वाढतं की काय, अशी तिला भीती वाटू लागली.

शेवटी तिनं डोकं चालवलं. घरातलं एक जुनं दावं हातात घेऊन निघाली. कोणी विचारलं की सांगायचं, बकरी सुटली. आता कोणी गाडीवर बसवेना. उलट बकरी नाल्याकडं गेली, असं लोक छातीठोकपणे सांगू लागले. न सुटलेली बकरी तिघाचौघांनी डोळ्यांनी बघितली होती. बकरी बिचारी घरच्या अंगणात निवांत पाला खात असायची.

संध्याकाळी जो तो प्रभाकररावांना ऐकवू लागला, सांभाळता येत नसेल तर विकून टाका. ते घरी येऊन खुंटा हलवून बघत, पुन्हा ठोकत. अखेर वैतागले आणि आठवडी बाजारात बकरी विकून आले. दिपालीला फार वाईट वाटलं. खरं काय ते दोनदा तिच्या जिभेवर आलं, पण खरं सांगितलं की पुन्हा भैय्याजींची गाडी होतीच.

दुसऱ्या दिवशी सवयीनं ती दावं घेऊनच पळाली. बकरी विकल्याचं साऱ्या गावाला ठाऊक होतं. खांबापर्यंत पळते, थांबते, पुन्हा पळते, हातात रिकामं दावं. गावानं निदान केलं की पोरीनं बकरीचा ध्यास घेतला आणि डोक्यावर परिणाम झाला. गाड्या थांबायच्या बंद झाल्या. समोरून येणारे कडेला सरकून वाट देऊ लागले. पाहुण्यांनीही निरोप धाडला, यंदा घाई नको. इतका मोकळा रस्ता दिपालीला कधी मिळाला नव्हता. ती एका दमात दोन खांब पळू लागली, मग चार, मग पुलापर्यंत आणि तशीच परत.

भरतीच्या मैदानावर ती सगळ्यांच्या पुढं होती. निवड झाल्याचं कळलं त्या दिवशी तिनं बापाला सगळं सांगून टाकलं. प्रभाकरराव आधी बकरीसाठी हळहळले आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

पेढे घेऊन ते भैय्याजींच्या दुकानात गेले. भैय्याजींनी पेढा तोंडात टाकला, आजूबाजूला कोणी नाही असं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"पन प्रभाकरराव, पोरीच्या डोक्याचं त्या पोलिसायले सांगतलं ना?"

"सांगतलं न," प्रभाकरराव म्हणाले. "थे म्हन्ले, आमाले अशीच पायजे."