खालचा गिअर

गंगाधरने बॉनेटखालची, गिअरपेटीचं तेल मोजायची कांडी ओढून काढली, टोकाला लागलेलं तेल दोन बोटांवर घेतलं आणि नाकाशी नेलं. तव्यावर विसरलेल्या भाकरीचा वास. त्याने बोटं एकमेकांवर घासली. लालसर असायला हवं होतं ते तेल काळं पडलं होतं आणि बोटांत बारीक कचकचत होतं.

"जळलंय?" गाडीत बसलेल्या गुणाजीने विचारलं.

"बघू दे."

"तुझ्या तोंडावरनं कळतंय रे."

गंगाधरने कांडी पुसून परत खोचली. भोईवाड्यातल्या त्याच्या पत्र्याच्या गॅरेजात दुपार तापली होती. बाहेर गल्लीच्या तोंडाशी मंडळाची पोरं बांबू बांधत होती. येत्या एक तारखेला महाराष्ट्र होणार होता, मुंबईसकट. कमानीवर चढवायचा कापडी फलक अजून फुटपाथवरच पसरलेला होता, आणि त्याच्यावरून कुणी जाऊ नये म्हणून कुणी ना कुणी सारखं ओरडत होतं.

गुणाजी परबला डावा पाय नव्हता. चार वर्षांपूर्वी जानेवारीत लालबागला गोळीबार झाला तेव्हा तो मोर्चात होता, की नुसता टॅक्सी बाजूला घेऊन बघत उभा होता, हे तो ज्याला जसं ऐकायचं असेल तसं सांगायचा. एक गोळी गुडघ्यात लागली आणि पाय मांडीपासून कापावा लागला. दुसरी कमरेत घुसली. तिचा तुकडा मणक्याजवळ होता. डॉक्टरांनी तो आहे तिथेच राहू दिला.

टॅक्सी सुटली. क्लच दाबणार कोण? वर्षभर तो नायगावच्या खोलीत दाराशी बसून रस्ता बघत राहिला. मग गंगाधरला गिरगावातल्या एका म्हाताऱ्या सॉलिसिटरची गाडी आठवली. ती तो बरीच वर्षं दुरुस्त करत आला होता. जुनी, हिरवी, बोटीएवढी लांब अमेरिकन गाडी. तिला क्लचच नव्हता, गिअर आपोआप चालायचा. गंगाधर गुणाजीला कुबड्यांसकट घेऊन साहेबांच्या जिन्याखाली उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, या गाडीला डावा पाय लागतच नाही." साहेबांनी चौपाटीपर्यंत एक फेरी मारायला लावली आणि दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं. त्या रात्री नलूने, गुणाजीच्या बायकोने, सगळ्या मजल्यावर साखर वाटली होती.

आता साहेब थकले होते. गाडी बिघडली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "होत असेल तर करा. नाहीतर भंगारात देऊन टाका." मुंबईत दुसरी अशी गाडी कुणी गुणाजीच्या हातात देणार नव्हतं. त्यात मंडळाने ठरवलं होतं की मिरवणुकीत पुढे हीच गाडी राहील. टपावर आणि बॉनेटवर चाळीतली पोरं, त्यांच्या हातांत झेंडे, आणि स्टिअरिंगवर, गोळी लागलेला गुणाजी. साहेबांनीही हो म्हटलं होतं.

"बिघाड पुन्हा सांग," गंगाधर म्हणाला.

"एल पडत नाय."

स्टिअरिंगच्या मागे एक दांडी होती आणि तिच्यावर इंग्रजी अक्षरं. नेहमी चालवायला डी. मोठ्या चढ-उताराला एल, म्हणजे खालचा गिअर. गंगाधरने सकाळीच फेरी मारून पाहिली होती. डीमध्ये गाडी लोण्यासारखी चालली. दांडी एलवर ओढली की इंजिन नुसतं किंचाळायचं आणि गाडी मोकळी सुटल्यासारखी धावत राहायची.

"डीत झकास चालतेय," तो म्हणाला. "तेल बदलून देतो. एलवाचून काय अडतंय तुझं? लालबाग काय, दादर काय, सगळा सपाट रस्ता. मिरवणूक तर माणसांच्या चालीने जाणार."

"एल पाहिजे."

"कशाला?"

"पूल आहेत की. करी रोडचा उतार."

"उताराला ब्रेक आहे."

गुणाजीने मान वळवली आणि तो बांबू बांधणाऱ्या पोरांकडे बघत राहिला. "तू कर रे," तो म्हणाला. "एल पाहिजेच माका."

गंगाधर गाडीखाली सरकला. गिअरपेटीखालचं घमेलं सोडवून त्याने तेल ओतून काढलं. तळाशी जळक्या कापसासारखा काळा गाळ साचला होता. आत पोलादाचा एक पट्टा असतो. एल टाकला की तो फिरणाऱ्या ड्रमवर आवळतो. त्या पट्ट्याचं अस्तर जळून भुगा झालं होतं. भरधाव गाडीत पुन्हा पुन्हा एल ओढला, तरच असं व्हायचं. पण गुणाजी असं करणारा नव्हता. ही गाडी तो बाळंतिणीला न्यावी तशी चालवायचा. मग दुसरं काय? ब्रेक घासत राहिला, गाडी अडखळत चालली, तरी तेल तापतं. तेही बघून घ्यावं म्हणून त्याने पुढचं चाक जॅकवर उचललं आणि ड्रम ओढून काढला.

ब्रेकचे गट्टे त्याने स्वतःच बसवले होते, गेल्याच दिवाळीत. एव्हाना ते बरेच झिजायला हवे होते. पण ते जवळजवळ बसवले तसेच होते. गंगाधर बराच वेळ उकिडवा बसून त्यांच्याकडे बघत राहिला.

"गुणा, ब्रेक दाब. हळू."

"दाबला."

गट्टे हलले नाहीत.

"दाब ना."

"दाबलाय रे."

गुणाजीचा आवाज नेहमीसारखाच होता. गंगाधरने हात चड्डीला पुसले, उठला आणि दाराशी आला.

गुणाजीचा उजवा पाय ब्रेकवर होता. नुसता ठेवलेला, झोपलेल्या माणसाच्या पायासारखा. दोन्ही हातांनी मांडी धरून तो वरून जोर लावत होता. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, कपाळावरून घाम ओघळत होता. पायाकडे तो बघत नव्हता. काचेतून सरळ समोर बघत होता.

गंगाधरने आत वाकून त्या पायाशेजारून तळहाताने ब्रेक दाबला. तो अलगद खाली गेला. हात काढल्यावर वर आला आणि येताना गुणाजीचा पाय उचलून घेऊन आला.

गुणाजीने मांडी सोडली.

"कधीपासून?"

"गणपतीपासून. अंगठ्याला मुंग्या येत होत्या आधी. आता मांडीपतुर काय कळत नाय."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"तुकडा सरकलाय म्हणतात. काढायला गेले तर मी जाणार. नाय काढला तर पाय जाणार." तो हसल्यासारखा झाला. "पाय चाललाय."

"आणि गाडी चालवतोस कशी तू?"

"ॲक्सिलरेटरला काय, हाताने पाय उचलून वर ठेवला की वजनानेच दबतो. थांबवायची झाली की पाय बाजूला सारायचा, एल ओढायचा. गाडी मरगळते. मग हँडब्रेक." तो हे एखाद्या नव्या ड्रायव्हरला समजावून सांगावं तसं सांगत होता. "जमतं रे. सवय झाली."

"मधे कोण आलं तर?"

गुणाजीने बाहीने कपाळ पुसलं. बाहेर बांबू निसटला, पोरं हसली, आणि फलकावरून कुणीतरी चालत गेलं म्हणून शिवी ऐकू आली.

"अजून कोण आलं नाय," तो शेवटी म्हणाला.

"नलूला माहीत आहे?"

"नाय. कुबड्यांवर कसाबसा रेटतो, तिला वाटतं थकलोय." मग खालच्या आवाजात, "गंगा, तू पट्टा बसव. एल धरायला लागला की माझं चालतं. एक तारखेपुरतं कर. एवढ्या लोकांपुढे एकदा ही गाडी नेऊ दे मला. मग मी आपणहून साहेबांना सांगेन, झेपत नाय म्हणून. तुझी शपथ."

गंगाधर वळून हत्यारांच्या फळीकडे गेला. फळीखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पट्टा होता. बिघाड ऐकून आदल्या दिवशीच चोर बाजारात अशाच एका मोडीत निघालेल्या गाडीतून त्याने तो काढून आणला होता. अस्तर नव्यासारखं होतं. काम संपल्यावर गुणाजीला चकित करायचं त्याच्या मनात होतं, म्हणून त्याने सांगितलं नव्हतं, मघाशी एलवाचून काय अडतंय असंही मुद्दामच म्हटलं होतं. पट्टा या गाडीला बसला असता. एल पहिल्यासारखा धरला असता.

त्याने फडकं घेतलं आणि एकेक बोट पुसायला लागला. बॉनेटवर बसणारी पोरं त्याला एकेक करून दिसत होती. त्यांतली निम्मी नावानिशी ठाऊक होती. बोटं पुसून झाली तरी तो पुसतच राहिला.

"पट्टा मिळत नाही," तो पाठ न वळवता म्हणाला. "सगळा बाजार पालथा घातला. बाहेरून माल येणं बंद झालंय. या गाडीचं आता कुठेच काही मिळत नाही."

शेवटी त्याला वळावं लागलं. गुणाजी त्याच्याकडेच बघत होता. नायगावच्या एकाच चाळीत, एकाच नळावर आंघोळ करून दोघं वाढले होते. गंगाधरने नजर खाली केली.

गुणाजीने किल्ली काढून त्याच्यापुढे धरली. मग दोन्ही हातांनी स्वतःचा पाय ब्रेकवरून उचलला आणि दुसऱ्याचं सामान उतरवून ठेवावं तसा बाजूला ठेवला.

"मग पार्ट मिळत नाय," तो म्हणाला, "असंच सांगायचं ना नलूला?"

"हो."

"पायाचं काय बोलायचं नाय."

"नाही."

गंगाधरने त्याच्या काखेत हात घालून त्याला खाली उतरवलं. गेल्या खेपेपेक्षा तो जड लागला. बाकड्यावर बसेपर्यंत दोघांपैकी कुणी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

थोड्या वेळाने नलू डबा घेऊन आली. चाक निघालेली गाडी आणि जमिनीवरचं काळं तेल बघून ती दारातच थबकली.

"झाली नाय?"

"गाडयेचो पार्ट गावणा नाय," गुणाजी म्हणाला. "बंद झाली ती आता."

नलूने डबा खाली ठेवला. "बंद म्हणजे? एक तारखेला पोरांना काय सांगू मी? सगळी मजल्यावर उड्या मारतायत." मग एकदम गंगाधरकडे वळून, "भावजी, पार्टच हवाय ना फक्त? बाकी सगळं ठीक आहे ना?"

गंगाधरने गुणाजीकडे पाहिलं. गुणाजी डब्याची कडी काढत होता.

"हो वहिनी," गंगाधर म्हणाला. "बाकी ठीक आहे."

"मग सोडू नका हो असं. माझा भाऊ शिवडीला गोदामात आहे. बोटींवरचा कसला कसला माल येतो तिथे, खलाशांकडे विचारता येईल. आज नाय तर सहा महिन्यांनी मिळेल. गाडी तोवर उभी ठेवायला साहेबांच्या पाया पडेन मी." ती जवळ आली. "नाव काय त्याचं?"

"लो बँड."

"लो बँड," ती म्हणाली. "केवढा असतो?"

गंगाधरने दोन्ही हातांनी हवेत एक गोल केला. नलूने तो नीट बघून घेतला, आपल्या हातांनी तसाच करून पाहिला, आणि गुणाजीला दाखवला.

"एवढाच ना?"

"एवढाच," गुणाजी म्हणाला.

"जेवून घ्या तुम्ही. भाऊ पाळीवर जायच्या आत मी गाठते त्याला."

ती पदर खोचून निघाली. गल्लीच्या तोंडाशी पोरांनी तिच्यासाठी फलकाची कड उचलून वाट करून दिली. तिथून वळेपर्यंत ते नाव घोकत तिचे ओठ हलत होते.